प्रभूच्या मेजावर अटी नकोत: मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील मराठी मंडळ्यांचे सन्माननीय पाळक, पंच आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिट्यांचे सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

वार्षिक सभा जवळ आली की आपल्या मंडळ्यांतून सभासदांच्या पटाची छाननी सुरू होते. कोणाची वर्गणी किती महिन्यांची थकली, कोणाच्या मुलीने समाजाबाहेर लग्न केले, कोण नवऱ्यापासून वेगळी राहते, कोण दारूच्या नादी लागला आहे, कोण फक्त नाताळाला चर्चमध्ये दिसतो, अशा नोंदी बाहेर निघतात. त्यांवरून कोणाला प्रभुभोजनापासून, म्हणजे प्रभूच्या आठवणीत वाटून घ्यायच्या भाकरी आणि प्याल्यापासून, दूर ठेवायचे, कोणाचे नाव पटावरून कमी करायचे आणि कोणाच्या घरी बाप्तिस्म्याला किंवा दफनविधीला जाण्यापूर्वी कोणती अट घालायची, हे ठरते. सगळ्याच मंडळ्यांत असे होते असे मी म्हणत नाही. जेथे होत नाही तेथील पाळकांचे मी मनापासून आभार मानते. परंतु पुष्कळ ठिकाणी हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे, आणि म्हणूनच मी हे जाहीरपणे लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मनुष्याचे तारण कृपेने होते, ते कोणाच्या कर्माचे फळ नाही, हे आपण व्यासपीठावरून सांगतो, शब्बाथ शाळेत पाठ करून घेतो आणि दृढीकरणाच्या वर्गात त्यावर प्रश्नही विचारतो. पण त्याच मंडळीत माणसाला जगायचे असते ते मात्र नियमांच्या वहीवर. ही विसंगती सर्वांत जास्त बोचते ती प्रभूच्या मेजाजवळ, कारण ज्या मेजावर प्रभूने स्वतःला अपात्रांसाठी दिले, त्याच मेजाचा उपयोग आपण पात्र कोण आणि अपात्र कोण हे जाहीर करण्यासाठी करू लागलो आहोत.

एक प्रसंग सांगते. ज्या मंडळीत मी काही वर्षे होते, तेथे एका विधवा बाईंच्या मुलीने हिंदू तरुणाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. आईची त्या लग्नाला संमती होती, ती कार्यालयात हजर होती, एवढ्यावरून कमिटीने ठरवले की त्यांनी लेखी माफी मागेपर्यंत त्यांना प्रभुभोजन देऊ नये. बाई उपासनेला येत राहिल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाकांच्या रांगा एकामागून एक पुढे जाऊ लागल्या की त्या आपले गुडघे बाजूला वळवून शेजारच्या बायकांना वाट करून देत, आणि त्या परत येईपर्यंत त्यांची उपासना-संगीताची पुस्तके आणि चष्मे आपल्या मांडीवर सांभाळत बसत. पुढे भाकरीचे ताट आणि छोट्या पेल्यांची परात फिरत असे, आणि त्या खाली मान घालून कोणाच्या तरी पुस्तकाची पाने सरळ करत असत. माफी त्यांनी लिहून दिली नाही. मुलीच्या लग्नाला आई हजर राहिली ह्यात माफी मागण्यासारखे काय आहे, हे त्यांना कळत नव्हते. काही काळाने त्या पहिल्या रविवारी येईनाशा झाल्या, मग इतर रविवारीही.

त्या कमिटीतली माणसे कठोर मनाची नव्हती. ह्याच बाई आजारी पडल्या तेव्हा त्यांतल्या दोघांनी दवाखान्यात रात्री जागून काढल्या होत्या. नियम पाळला नाही तर मंडळीला शिस्त राहणार नाही, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. नियमवाद वाईट माणसांच्या हातून पसरतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो बहुधा जबाबदार, कष्टाळू आणि मंडळीवर प्रेम करणाऱ्या माणसांच्याच हातून पसरतो, आणि म्हणूनच तो ओळखणे अवघड जाते.

प्रेषित पौलाचे नव्या करारातले गलतीकरांस पत्र आपण वारंवार वाचतो. त्या पत्रात सांगितलेला झगडा जेवणाच्या पंगतीवरून झाला होता, हे मात्र आपल्या उपदेशांत फारसे येत नाही. अंत्युखियाच्या मंडळीत यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, विश्वासणारे एकत्र जेवत असत आणि येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्याबरोबर बसत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली तेव्हा, परराष्ट्रीयांबरोबर जेवल्याबद्दल ती काय म्हणतील ह्या भीतीने, तो मागे सरू लागला आणि वेगळा राहू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदीही बाजूला झाले आणि पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्यांच्याबरोबर ओढला गेला. पेत्राने व्यासपीठावरून कोणतीही चुकीची शिकवण दिली नव्हती. कृपेने तारण होते हे त्याने नाकारले नव्हते. तो फक्त एका पंगतीतून उठला होता. तेवढ्यासाठी पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर विरोध केला, आणि मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांनी नीतिमान ठरत नाही, तर ख्रिस्तावरील विश्वासाने ठरतो, हे आपल्या विश्वासाचा कणा असलेले वचन त्याच बोलण्याच्या ओघात येते. पौलाच्या दृष्टीने पंक्तिभेद हा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता. जो पंक्तिभेद करतो तो सुवार्तेच्या सत्याला धरून चालत नाही, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे.

पंगतीचा अर्थ महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागू नये. अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. त्या कामातून त्या भागात विश्वासात आलेली बहुसंख्य घराणी महार आणि मांग समाजांतली होती. ज्यांना पाणवठ्यावर जागा नव्हती, देवळाच्या पायरीपलीकडे जाता येत नव्हते आणि कोणाच्याही पंगतीला बसता येत नव्हते, त्यांना एका मेजावर बोलावणे आले. ते बोलावणे येण्यापूर्वी त्यांची पात्रता कोणी तपासली नव्हती, आणि तपासली असती तर गावाच्या हिशेबाने ती शून्यच निघाली असती. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे त्या बोलावण्याने मंडळीत आले. त्यांच्या नातवंडांनी आणि पतवंडांनी त्याच मेजाजवळ नवे बहिष्कृत तयार करावेत, हे मला सहन होत नाही. जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकू नये म्हणून आपल्या राज्याने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. राज्याला जे अन्यायाचे वाटले ते ख्रिस्ताच्या मंडळीला अधिक तीव्रतेने वाटायला हवे.

ह्यावर नेहमी पुढे केले जाणारे वचन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातले आहे. जो कोणी अयोग्य प्रकारे ही भाकरी खाईल किंवा प्रभूचा प्याला पिईल तो प्रभूच्या शरीरासंबंधाने व रक्तासंबंधाने दोषी ठरेल, हे वाक्य प्रत्येक प्रभुभोजनाच्या आधी वाचले जाते, आणि ज्याच्या मनात आधीच अपराधाची टोचणी आहे तो ते ऐकून बाकावरच थांबतो. पण त्या वाक्याच्या आधीचा मजकूर किती मंडळ्यांत वाचला जातो? करिंथमध्ये सगळे एकत्र जमत, पण ज्याच्याजवळ जेवण असे तो ते आधीच उरकून घेई. कोणी भुकेला राही, कोणी पिऊन तर्र होई, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांना लाजल्यासारखे होई. पौलाचा राग ह्या गोष्टीवर आहे. गरिबाला लाजवून खाल्लेले भोजन हे प्रभूचे भोजन नव्हेच, असे तो म्हणतो, आणि विषय संपवताना एकमेकांसाठी थांबा असे सांगतो. म्हणजे ज्या अध्यायात कोणालाही मागे ठेवू नका असा आदेश आहे, त्याच अध्यायातले एक वाक्य उचलून आपण माणसांना मागे ठेवतो.

त्याच ठिकाणी पौल म्हणतो की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. परीक्षा ज्याची त्याने करायची आहे, कमिटीने करायची नाही. आणि परीक्षेनंतर त्याने खायचे आहे, उठून जायचे नाही. पहिल्या प्रभुभोजनाला कोण कोण बसले होते हे आपल्याला ठाऊक आहे. मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे, असे प्रभू म्हणतो ते लूकच्या वृत्तान्तात भाकरी आणि प्याला दिल्यानंतर. ज्याने त्या रात्री कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा प्रभूला नाकारले तोही तेथेच होता, आणि बाकीचे पळून जाणार होते. त्या माडीवर एखादी पंचकमिटी बसली असती, तर प्रभूला एकट्यानेच जेवावे लागले असते.

आरंभीच्या मंडळीलाही अटींचा प्रश्न पडला होता. परराष्ट्रीयांनी सुंता करून घेतल्याशिवाय आणि मोशेचे नियमशास्त्र पाळल्याशिवाय त्यांचे तारण होणार नाही असे काहीजण शिकवू लागले, तेव्हा सुमारे इ.स. 49 मध्ये यरुशलेमात प्रेषित आणि वडील विचार करायला एकत्र जमले. तेथे पेत्रानेच उठून विचारले की, जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही वाहता आले नाही, ते ह्या शिष्यांच्या मानेवर घालून तुम्ही देवाची परीक्षा का पाहता? सभेने जे पत्र पाठवले त्यात अगदी मोजक्या गोष्टी सांगितल्या आणि त्यांपलीकडे अधिक ओझे लादायचे नाही, असे पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले, असे लिहिले. आपल्या कमिट्यांचे ठराव त्या पत्राशेजारी ठेवून पाहावेत, अशी माझी विनंती आहे. लग्नात कोणता पोशाख असावा, कपाळाला काय लावावे, मंगळसूत्र घालावे की नाही, शेजाऱ्याच्या घरचा प्रसाद हातात घ्यावा की नाही, ह्यांवर आपण जेवढा खल केला तेवढा अंत्युखियाच्या त्या प्रसंगावर केला नाही.

कृपेची गोष्ट मराठी मनाला परकी आहे, ती पाश्चात्त्यांकडून आली आणि म्हणून आपल्याला नियमांची सवय लागली, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. ज्या भाषेत संतांनी देवाला पतितपावन म्हणून हाक मारली, त्या भाषेत कृपा समजावून सांगायला वेगळी खटपट करावी लागत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो असे म्हणत, त्याचे कारण हेच असावे. त्यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. त्या मधल्या काळात लक्ष्मीबाईंचे सोवळे-ओवळे आणि जातीचा विटाळ गळून पडला तो त्यांच्या स्वतःच्या मनाने विचार करून. कोणी फर्मान काढले म्हणून नव्हे. पुढे 1917 साली टिळकांनी देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यांनी बंधू म्हणून जागा दिली. त्यांच्या ह्या पावलाविषयी मतभेद असू शकतात. पण दाराशी उभे राहून तपासणी करण्यापेक्षा दार उघडे ठेवण्याची जोखीम त्यांनी पत्करली, हे नाकारता येणार नाही.

माझ्या मनात अधिक घर केले आहे ते पंडिता रमाबाईंनी. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला होता त्यांच्याशी, विशेषतः सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, त्यांचा पुढे दीर्घ पत्रव्यवहार झाला आणि त्यात आज्ञापालन, धर्माधिकाऱ्यांचा अधिकार आणि विवेकाचे स्वातंत्र्य ह्यांवरून कडक वाद झाले. भारतातल्या पुरोहितांच्या जुवातून मी नुकतीच मोकळी झाले आहे, तेव्हा तसलेच दुसरे जू मानेवर घ्यायला मी आता तयार नाही, अशा आशयाचे त्यांनी त्या वेळी कळवले होते. ज्यांनी त्यांना निवारा दिला, त्यांनाच हे सांगायला किती धैर्य लागले असेल! पण त्यांची गोष्ट येथे थांबत नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचे जीवन असा जो ख्रिस्त तो मिळाला नाही. हे त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. शास्त्र त्यांना मुखोद्गत होते, बाप्तिस्मा झाला होता, विधवांसाठीच्या शारदा सदनाचे काम उभे राहिले होते, टीका आणि बहिष्कार सोसून झाले होते. पात्रतेच्या कोणत्याही पटावर त्यांचे नाव सर्वांत वर असते. तरीही मन शांत नव्हते. आपण जसे आहोत तसे, काहीही हातात न घेता, ख्रिस्ताकडे जायचे असते हे उमगल्यावर त्यांना जो आनंद झाला त्याचे वर्णन वाचताना आजही डोळे भरून येतात.

त्या आनंदातून काय निर्माण झाले तेही पाहावे. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. त्यात एका घराचे नाव त्यांनी कृपासदन ठेवले. ते घर होते समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी. ज्यांना गावात कोणी उंबऱ्यात उभे करत नव्हते, त्यांच्या निवाऱ्यावर रमाबाईंनी कृपेची पाटी लावली. एखाद्या बाईचे नवऱ्याशी पटले नाही म्हणून तिला पेला नाकारणाऱ्या आपल्या मंडळ्यांना रमाबाईंची जयंती साजरी करताना कृपासदनाची आठवण व्हावी, एवढेच मी म्हणते.

आपण नियम लावून माणसे देवाजवळ आणतो, असे ज्यांना वाटते त्यांनी मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या आयुष्यातला एक भाग अवश्य वाचावा. 1737 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत, सव्हाना येथे, ते पाळकाचे काम करत होते. सोफी हॉपकी नावाच्या ज्या तरुणीशी विवाहाचा विचार त्यांच्या स्वतःच्याच मनात घोळत होता, तिने दुसऱ्याशी लग्न केल्यावर काही महिन्यांनी त्यांनी तिला प्रभुभोजन नाकारले. आदल्या दिवशी नाव कळवले नाही, पश्चात्ताप प्रकट केला नाही, अशी त्यांची कारणे प्रार्थनापुस्तकाच्या नियमांत बसणारी होती. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि वर्षअखेरीस वेस्ली वसाहत सोडून परतले. पुढच्याच वर्षी, 24 मे 1738 रोजी, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत कोणीतरी मार्टिन ल्यूथर यांनी रोमकरांस पत्रावर लिहिलेली प्रस्तावना वाचत असताना त्यांचे अंतःकरण पेटले आणि ख्रिस्ताने आपली, होय आपलीच, पापे घेतली अशी खात्री त्यांना पटली. 1740 पर्यंत हेच वेस्ली असे शिकवू लागले होते की प्रभुभोजन हे मनाचा पालट झालेल्यांपुरते राखून ठेवायचे नाही, ते माणसाचा पालट घडवण्याचेही साधन आहे. ज्याने नियमावर बोट ठेवून मेज अडवले होते, त्यालाच कृपेचा अनुभव आल्यावर मेज एवढे रुंद दिसू लागले.

कृपेने नीतिमान ठरणे हा केवळ एका पंथाचा हट्ट राहिलेला नाही. ल्यूथरन मंडळ्या आणि रोमन कॅथलिक मंडळी यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे ह्या विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मेथडिस्ट 2006 मध्ये, आणि त्यानंतर अँग्लिकन व रिफॉर्म्ड परंपरांच्या जागतिक संस्थाही त्यात सहभागी झाल्या. आपल्या बहुतेक मराठी मंडळ्यांची मुळे ह्यांतल्याच कोणत्या ना कोणत्या परंपरेत आहेत. तेव्हा मी काही नवे मत मांडते आहे असे कृपया समजू नये.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते गंभीर आहेत. पहिला आक्षेप असा की, कृपा कृपा म्हणत बसलो तर लोक मोकाट सुटतील. हा आक्षेप पौलालाही ऐकावा लागला होता, आणि कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय, असा प्रश्न त्याने रोमकरांस पत्रात स्वतःच मांडला आणि कधीच नाही असे उत्तर दिले. माझे एवढेच सांगणे आहे की ज्या उपदेशाविरुद्ध हा आक्षेप कधी घेतलाच जात नाही, तो उपदेश बहुधा पौलाचा नसतो. शिवाय क्रमाकडे लक्ष द्यावे. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कय नावाच्या बदनाम जकातदाराला, तुझ्या घरी मला आज उतरायचे आहे, असे येशूने आधी सांगितले, लोकांनी कुरकुर केली, आणि त्यानंतर जक्कयाने अर्धे द्रव्य गरिबांना द्यायचे आणि लुबाडलेले चौपट परत करायचे कबूल केले. आपल्या कमिटीने हा क्रम नक्कीच उलटा लावला असता: आधी चौपट परत कर, पावती दाखव, मग पाळकसाहेब घरी येतील. अशाने जक्कय झाडावरून उतरलाच नसता.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. करिंथच्या मंडळीतल्या एका उघड पापाबद्दल पौलाने त्या माणसाला आपल्यातून दूर करा असे लिहिले, हे खरे आहे आणि मी ते लपवत नाही. दुर्बळांवर अत्याचार करणारा, मंडळीच्या मुलांना किंवा बायकांना धोका असलेला, मंडळीचा पैसा खाणारा मनुष्य असेल, तर त्याला आवरलेच पाहिजे. कृपेच्या नावाखाली त्याला पाठीशी घालणे हा पीडितांवर दुसरा अन्याय आहे. पण दुसऱ्या पत्रात अशाच एका शिक्षा झालेल्या माणसाविषयी पौल काकुळतीला येऊन लिहितो की, झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, त्याचे सांत्वन करा, नाहीतर अति दुःखाने तो गिळला जाईल. आपल्याकडे शिक्षेचा ठराव होतो आणि तारखेसह वहीत चढतो. सांत्वनाचा ठराव कोणत्या वहीत चढतो? दोषात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा, आणि स्वतःलाही सांभाळा, असे गलतीकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात सांगितले आहे. त्यासाठी त्याच्या घरी जावे लागते, त्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याचे ऐकावे लागते. नोटीस पाठवणे सोपे आहे.

तिसरा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, पण खरे दुखणे बहुतेकदा तेथेच असते: पैसा. पाळकांचे वेतन, इमारतीची डागडुजी, कबरस्तानाची भिंत, वीजबिल, धर्मप्रांताकडे पाठवायचा वाटा, हे सगळे वर्गणीवर चालते आणि लहान मंडळीत चार घरांनी हात आखडला की पाळकाच्या घरात चूल पेटायची पंचाईत होते. ही अडचण मी हलकी मानत नाही. पण त्यावर उपाय म्हणून घरात मयत असताना थकबाकीचा हिशेब मागणे, रडणाऱ्या मुलाने ओट्यावर बसून पैसे मोजणे आणि पावती हातात पडल्यावरच कबर खणायला माणूस पाठवणे, हे कोणत्या सुवार्तेत बसते? हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. पौलालाही यरुशलेममधल्या गरिबांसाठी पैसा हवा होता आणि त्यासाठी त्याने करिंथकरांस दुसऱ्या पत्रात दोन अध्याय खर्ची घातले. त्यांत त्याने मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांच्या औदार्याचे कौतुक केले, ख्रिस्त धनवान असता आपल्यासाठी दरिद्री झाला ह्याची आठवण दिली, आणि प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, खेदाने किंवा बळजबरीने देऊ नये, असे सांगितले. थकबाकीदारांची यादी त्याने वाचून दाखवली नाही. मंडळीचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी सर्वांसमोर मांडला, पाळकाची ओढाताण प्रामाणिकपणे सांगितली आणि ज्याला जमत नाही त्याला लाज वाटू दिली नाही, तर लोक देतात. जेथे हे करून पाहिले गेले आहे, त्या मंडळीत मी आज आहे.

ज्यांच्यावर नियम चालवला जातो त्यांचे नुकसान दिसते. जे नियम पाळतात त्यांचे नुकसान दिसत नाही, पण ते कमी नसते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ शेतातून येतो, परत आलेल्या धाकट्यासाठी चाललेल्या मेजवानीतल्या वाद्यांचा आवाज ऐकतो आणि आत जायला तयार होत नाही. इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो आहे, असे तो बापाला म्हणतो. बापाच्या घरात राहून तो चाकरासारखा जगला होता. शब्बाथ शाळेत वर्षानुवर्षे शिकवताना मी अशी थोरली भावंडे घडताना पाहिली आहेत: हजेरी पूर्ण, वचने तोंडपाठ, बक्षिसे कपाटभर, आणि मनात मात्र सतत धाकधूक की आपण पुरे पडतो की नाही. ही मुले मोठी झाली की दोनच वाटा धरतात. काही स्वतःच पंच होऊन तीच वही पुढे चालवतात. बाकीची शहरात नोकरीला गेली की चर्चचे नाव काढत नाहीत, आणि आपण म्हणतो की जग त्यांना घेऊन गेले. शिवाय नियमांच्या मंडळीत माणूस आपले खरे दुःख कोणालाही सांगत नाही. ज्याला व्यसन आहे तो ते लपवतो, जिच्या घरात मारहाण आहे ती हसून सलाम करते, ज्याचा विश्वास डळमळला आहे तो मोठ्याने प्रार्थना करतो. जेथे कबुली दिली की नाव वहीत चढते, तेथे कबुली कोण देईल? आणि हे सांगताना मला पाळकांचीही आठवण होते, कारण त्यांच्यावरही असाच पट ठेवला जातो आणि त्यांना तर थकलो असे म्हणायचीही सोय नसते.

म्हणून माझी आपल्याला नम्र विनंती आहे की येत्या वार्षिक सभेत वर्गणीची थकबाकी आणि प्रभुभोजन, बाप्तिस्मा, विवाह व दफनविधी यांचा संबंध कायमचा तोडणारा ठराव आणावा. दफनविधीच्या बाबतीत तर सभेचीही वाट पाहू नये. पुढच्या मयताला पावतीपुस्तक घरीच ठेवून जावे. मुलांच्या लग्नाची शिक्षा आई-बापांना देणे थांबवावे. प्रभुभोजनाच्या आधी करिंथकरांस पत्राचा तो अध्याय सतराव्या वचनापासून पूर्ण वाचावा, आणि मेजाजवळ येण्यासाठी जे बोलावणे दिले जाते ते खरोखरच बोलावणे वाटेल अशा शब्दांत द्यावे. कोणाबद्दल तक्रार आली तर तिच्यावर चर्चा होण्यापूर्वी पाळकांनी आणि एका पंचाने त्या घरी जाऊन यावे, आणि त्या भेटीत ठराव, माफीपत्र किंवा वर्गणी ह्यांतले काहीही काढू नये. ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात गलतीकरांस पत्र सलगपणे, घाई न करता, शिकवावे. तरुण संघाला त्यावर मोकळेपणाने प्रश्न विचारू द्यावेत आणि त्यांचे प्रश्न अवघड असले तरी त्यांना गप्प करू नये.

आणखी एक. गेल्या काही वर्षांत ज्यांची नावे आपल्या पटावरून कमी झाली, त्यांची यादी आपल्या दप्तरात असणारच. ती यादी पाळक आणि पंच यांनी आपसांत वाटून घ्यावी, पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी प्रत्येकाच्या घरी जावे आणि त्या रविवारी त्यांना बरोबर घेऊन यावे. काहीजण येणार नाहीत, काहीजण दार उघडणार नाहीत, आणि त्यांना तसे करण्याचा अधिकार आहे. तरीही जावे.

प्रभूमध्ये आपली भगिनी,
शब्बाथ शाळेतील एक शिक्षिका